रिकामा तळहात आणि पाचपैकी पाच

मुखेडहून निघालेली एसटी आम्हाला फाट्यावर सोडायची आणि तिथून गावापर्यंत पायी. शेत आमचं स्वतःचं होतं, सातबाऱ्यावर आजोबांचं नाव होतं, पण जमीन अशी की कुदळ मारली तर ठिणगी उडावी. पाऊस झाला तर ज्वारी-तूर, नाही झाला तर नुसतं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून राहायचं. वडिलांचा एक पाय लहानपणीच अधू झालेला. ते गावातल्या पिठाच्या गिरणीवर बसायचे. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवया, मिशा, कानावरचे केस सगळं पांढरं. आई मुखेडात एका खानावळीत भाकरी थापायला जायची. उरलेल्या भाकरी पदरात बांधून आणायची, दुसऱ्या दिवशी त्यांचे कुटके करायची आणि वरून तेल-तिखटाची फोडणी द्यायची. आम्ही भावंडं तेच आवडीनं खायचो. दुसरं काही आवडावं असं समोर आलंच नव्हतं.

बारावी झाल्यावर मला नांदेडला नर्सिंगला जागा मिळाली. तेव्हा चुलते ओसरीवर येऊन बसले आणि वडिलांना म्हणाले, "पोरगी काय लोकांची हागवण काढाया पाठवतोस व्हय? भावकीत त्वांड दाखवायचं कसं?"

वडील फार बोलणारे नव्हते. मिशीवरचं पीठ झटकत म्हणाले, "काढू दे. तुझी येळ आली तर तुझी सून काढती का बघ. न्हाई काढली तर हिलाच बोलवावं लागंल."

चुलते उठून गेले. मी दुसऱ्या आठवड्यात पत्र्याची पेटी घेऊन नांदेडला. विष्णुपुरीच्या बाजूला चौघींत एक खोली, एक स्टोव्ह, परीक्षेला एकमेकींचीच पुस्तकं. मी आमच्या भावकीतली पहिली पदवीधर. हे मी कुठंही सांगते, न विचारताही सांगते. ज्यांच्या घरात आजोबा-पणजोबांपासून पदव्या टांगल्यात त्यांना यात काही वाटणार नाही. आमच्या घरात भिंतीवर आधी फक्त कॅलेंडर होतं.

पदवी झाली आणि लातूरच्या एका कॅन्सरच्या दवाखान्यात नोकरी लागली. बायकांचा वॉर्ड. तिथं जुन्या सिस्टर्स माझ्याहून कितीतरी कामसू. पण मी डिग्रीवाली म्हणून काही झालं की माझ्याकडं बोट. सलाईनचा स्टँड डगमगला तरी म्हणायच्या, "ए डिग्रीवाले, बघ बरं ह्याला कोणता आजार झाला."

एक दिवस मेट्रननी मला बोलावलं. दवाखान्याला कसलं तरी मानांकन घ्यायचं होतं. त्यासाठी आम्ही रुग्णाची शुश्रूषा त्या माणसाकडं बघून करतो की नुसत्या त्याच्या आजाराकडं बघून करतो, ते मोजायचं होतं. मेट्रन म्हणाल्या, "तू शिकलेली हायस. हे प्रश्न घे, बायकांना विचार, पाचपैकी किती ते लिहून आण. कमी आलं तर सुधारायचं बी तूच."

मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. पण प्रश्न वाचले आणि घाम फुटला. कुणीतरी इंग्रजीवरून मराठीत आणलेले. 'आपल्या वैयक्तिक मूल्यांचा यथोचित आदर राखला गेला असे आपणास वाटते काय?' हे मी औशाच्या एका म्हातारीला विचारलं. ती जबड्याच्या कॅन्सरची, निम्मं तोंड बांधलेलं. तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच काहीतरी उसनं मागायला आलेय.

"मंजी काय गं माय?"

"मंजी, आमी तुमच्याशी नीट वागतो का?"

"हाव."

"पाचपैकी किती द्याल?"

"पाच मंजी लई चांगलं ना? मंग पाचच लिव. कमी दिले तर तुझा पगार कापतेत का?"

"न्हाई कापत."

"कापतेत. आमच्या अंगणवाडीच्या बाईचा कापला व्हता. पाचच लिव."

सगळीकडं हेच. हाव, चांगलं हाय, लई चांगलं हाय. खाटेखाटेवरून पाच गोळा करत मी फिरले. दुपारी बेरीज करायला बसले तर सगळा वॉर्ड पैकीच्या पैकी पास. मेट्रन खूश झाल्या. म्हणाल्या, "बघ, सुधारायचं कामच उरलं न्हाई."

मला मात्र चैन पडेना. घरी निघाले तर रिक्षात बसवेना, दोन चौक आधीच उतरून चालत गेले. आपल्याकडं पाहुण्याला 'जेवण कसं झालं' विचारलं तर आळणी आमटीलाही तो झकास म्हणतो, आणि हातावर पाणी घेऊन उठतो. वॉर्डातल्या बायका आमच्या घरी आलेल्या पाहुण्या होत्या. त्यात विचारणारी मी पांढऱ्या ड्रेसात, एका हातात प्रश्न आणि बाजूच्या ट्रेमध्ये सुई. दुपारी जी सुई टोचणार तिला सकाळी कोण दोन मार्क देईल? आणि निम्म्या बायकांनी तर उत्तर दिलंच नव्हतं. त्यांच्या वतीनं नवरा, मुलगा, दीर, जो कुणी सोबत होता तो बोलला होता. आमची रीतच तशी होती. नवा पेशंट आला की पहिला प्रश्न, 'सोबत कोण हाय?' मग पुढचं सगळं त्या सोबतच्या माणसाशी. पेशंट मधे खाटेवर बसून आमची तोंडं बघायची.

मुरुडच्या बाईंचे पाचही असेच आले होते.

त्या चाळिशीच्या पुढच्या. मुरुडला त्यांच्या घरचं किराणा दुकान, घर लिंगायतांचं. उजवा स्तन काढलेला, आता केमो चालू. दुसऱ्या डोसनंतर ताप चढला म्हणून भरती केलं होतं. नवरा दुकानात, सासू अंथरुणाला, जाऊ घर सांभाळणारी. म्हणून सोबतीला नवऱ्याचा थोरला भाऊ, त्यांचे भाया. सज्जन माणूस. पांढरं धोतर, कपाळाला भस्म, व्हरांड्यातल्या बाकावर दिवसभर पाठ ताठ ठेवून बसलेले. ते आत आले की बाई पदर कपाळापर्यंत ओढायच्या आणि खाली बघायच्या. मी प्रश्न विचारले तेव्हा भायांनी खाटेपासून चार हात लांब उभं राहून सगळी उत्तरं दिली. मूल्यांचा आदर? "पाच." काही त्रास सांगता येतो का? "येतो की. पाच." बाई खाली बघत होत्या.

त्यांचा ताप उतरला. पण त्या जेवेनात.

केमोत अन्न नकोसं होतं, हे आम्हाला नवं नव्हतं. उलटीची औषधं दिली, बदलून दिली, सलाईन लावली. बाई औषधापुरतं घोटभर पाणी घ्यायच्या, बास. वजन उतरत चाललं. डॉक्टर म्हणाले, "असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. आणि पुढचा डोस या अंगावर देता येणार नाही."

भायांनी ते ऐकलं आणि मला व्हरांड्यात बोलावलं. "सिस्टर, नळी नको. अन्नच जात न्हाई पोटात, तर तुमची दवा काय करून राहिली? आमी उद्या घरी घेऊन जातो. जे व्हायचं ते घरी होईल."

"काका, दोनच डोस झालेत. मधे सोडलं तर आजार उलटतो."

"हाव, डॉक्टरसाहेब बी तेच म्हणले. पण उपाशी माणसाला किती दिवस टोचायचं?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, थकवा होता. आणि मला त्यांचं म्हणणं खोटं पाडता येईना.

मी उगाच वॉर्डात फेऱ्या मारू लागले. ज्याची गरज नाही ते ट्रे पुसले. काहीतरी बसत नव्हतं. ज्यांना मळमळतं त्या बायका ताटाचं झाकण काढलं की तोंड फिरवतात, नाकाला पदर लावतात. ह्या बाई तसं करत नव्हत्या. त्या ताटाकडं बघायच्या. मग ते उचलून शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला द्यायच्या, आणि म्हातारी जेवेपर्यंत बघत राहायच्या. ही मळमळ नव्हती, ही भूक होती. मी उपाशी माणसाची नजर लहानपणी घरात पाहिलेली आहे, मला ती कळते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीवर आले आणि आधी त्यांच्या खाटेकडं गेले. बाई अंग पुसून, उरल्यासुरल्या केसांवरून ओला हात फिरवून भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. डावा हात मांडीवर उताणा. त्या हाताला सलाईनची सुई, मनगट हलू नये म्हणून खाली पट्टी आणि वरून बँडेज. उजव्या बाजूचं ऑपरेशन झालं की त्या हाताला टोचत नाहीत, म्हणून सगळा मारा डाव्या हातावर. उजव्या हाताची बोटं त्या बांधलेल्या तळहातावर हवेतच काहीतरी वाहत होती. फूल नव्हतं, पाणी नव्हतं. तळहात रिकामा होता.

मुखेडात आम्ही ज्या दुकानातून मीठ-मिरची आणायचो, ते घर लिंगायतांचंच. सकाळी गेलं तर पायरीवर थांबावं लागायचं, कारण आतली आजी डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून पूजा करत असायची. ती उठेपर्यंत त्या घरात कुणाला चहाही मिळायचा नाही. गळ्यात चांदीच्या डबीत घालून ते लिंग कायम छातीवर. मला हे माहीत होतं. लातुरात कुणाला माहीत नाही? वॉर्डात सगळ्यांना माहीत होतं, तरी कुणाला आठवलं नव्हतं.

मी बाईंच्या गळ्याकडं बघितलं. गळा मोकळा.

भाया बाकावर होते. मी त्यांना खालच्या मजल्यावर औषध आणायला पाठवलं. ते औषध वॉर्डात होतं, पण मला त्यांना घालवायचं होतं. मग स्टूल ओढून बाईंजवळ बसले. ड्यूटीवर आम्ही पेशंटजवळ बसत नाही. वेळ नसतो आणि बसलेली सिस्टर कामचुकार दिसते.

"मावशी, तुमचं लिंग कुठं हाय?"

त्यांनी डोळे उघडले. दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"तुमच्याच माणसांनी काढाया लावलं," त्या हळू म्हणाल्या. "भरती केलं त्या दिवशी छातीचा फोटो काढायचा व्हता मशीनमधी. अंगावर काई ठेवू नका म्हणले. मंगळसूत्र, कानातली फुलं, डबी, सगळं एका रुमालात बांधलं अन् भायांच्या हाती दिलं."

आमच्याकडं तसा नियमच होता. मागं एकीची गळ्यातली पोत हरवली आणि फार बोभाटा झाला, तेव्हापासून अंगावरचं उतरवलं की सरळ नातेवाइकाच्या हाती. परत द्यायचं की नाही ते त्यांचं ते बघतील.

"मंग भायांना सांगायचं की, परत द्या म्हणून."

"कसं सांगू? मी त्यांच्यासमोर बोलत न्हाई. तोवर ते गावाला जाऊन आले. गाठोडं जाऊबाईकडं दिलं, त्यांनी कपाटात ठिवलं. सोनं हाय म्हून ठिवलं, उघडून कोण बघतंय."

"फोन तरी करायचा."

"फोन भायांच्या खिशात." मग पदर सारखा करत, "अन् सांगितलं तर सासूबाई काय म्हणतील? लिंग अंगावरून उतरवलं म्हून दुखणं वाढलं, म्हणतील. जिंदगीभर ऐकावं लागंल."

"म्हणून जेवला न्हाईत?"

"पूजेबिगर अन्न न्हाई घेत मी. लग्नाच्या आधीपासून. सुईला न्हाई म्हणले न्हाई, गोळीला न्हाई म्हणले न्हाई. तेवढं एकच राहिलंय माझं."

ज्या बाईंच्या नावापुढं मूल्यांच्या आदराला मी पाचपैकी पाच लिहिले होते, त्या हे सांगत होत्या. मला तिथं बसवेना. उठले, पुन्हा बसले.

"मावशी, मालकांना फोन लावून देते. माझ्या मोबाईलवरून. बोलता का?"

त्यांनी नंबर तोंडपाठ सांगितला. पलीकडं दुकानाचा गलका. बाईंनी दोन-तीन वाक्यांत सांगितलं. पलीकडं तराजूत वजनं पडल्याचा आवाज. मग त्यांचा नवरा म्हणाला, मला शेजारी बसून ऐकू आलं, "वैनीला काय सांगू?"

"काई सांगू नका. दागिने मागितले म्हणा."

"निघतो."

भाया औषध मिळालं नाही म्हणून वर आले आणि सामान बांधायला लागले. मी म्हणाले, काका, मालक येऊन राहिलेत, ते येईपर्यंत थांबा. ते म्हणाले, "तो येऊन काय करणार हाय? दुकान सोडून कामून यायलाय?" मी सांगितलं नाही. नवऱ्याला गाडी नाही मिळाली तर? जावेनं किल्ली नाही दिली तर? त्या दिवशी मी एकाच पेशंटचा ताप लागोपाठ दोनदा मोजला. ती म्हणाली, "अगं आत्ताच बघितला की, इतक्यात काय चढला असंल?"

दरम्यान मी इनचार्ज सिस्टरांकडं गेले. त्या वॉर्डाच्या प्रमुख, कडक बाई, पण कामाला वाघ. मी म्हणाले, मुरुडच्या बाईंची सुई मनगटावरून काढून वर हातावर लावायची. तळहात मोकळा पाहिजे.

"कामून?"

सांगितलं.

"हा वॉर्ड हाय का देऊळ?"

"सिस्टर, आपण किती औषधं दिली उलटीची. तिला उलटी न्हाईच. तिला तळहात पाहिजे."

"उद्या दुसरी म्हणंल मला नमाजाला जागा पाहिजे, तिसरी म्हणंल तुळशीला पाणी घालू द्या."

"मंग जागा देऊ. जागेला काय पैसे पडतेत?"

"लई बोलती डिग्रीवाली," म्हणाल्या. पण हातमोजे घालून त्याच आल्या आणि सुई त्यांनीच लावली, कारण बाईंच्या शिरा सुकलेल्या आणि माझ्यापेक्षा त्यांचा हात चांगला. मला त्या म्हणाल्या, "फुलं-बेल न्हाई चालायचं हां. हिच्या पांढऱ्या पेशी कमी हायेत. बाहेरची राख बी नको. पाणी उकळून गार केलेलं."

बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "बेल नसला तर नसू द्या. पाणी पुरतंय."

दुपार कलायच्या आत नवरा आला. घामानं शर्ट अंगाला चिकटलेला, रुमालाचं गाठोडं छातीशी. आम्ही खाटेभोवती पडदा ओढला. आमच्या वॉर्डात पडदे होते, पण ते भेट द्यायला कुणी साहेब आला तरच धुऊन लावायचे. आत काय झालं ते मी बघितलं नाही, बघायचं नव्हतं. पाण्याचा बारीक आवाज आला. मग बाईंचा आवाज, हळू, कानडीत. त्यांचं माहेर उदगीरकडचं.

पडदा सरकवला तेव्हा डबी गळ्यात होती. बाई म्हणाल्या, "भाकर हाय का?"

जेवणाची गाडी निघून गेली होती. मी माझ्या डब्यातली भाकरी काढली. त्यांनी ती दुधात कुस्करली आणि सावकाश, एकेक घास करत सगळी खाल्ली. उलटी झाली नाही. इनचार्ज सिस्टर लांबून बघत होत्या.

भाया दारात उभे होते. त्यांना भावजयीच्या गळ्यातली डबी दिसली, शेजारी उघडा रुमाल दिसला, आणि त्यांना सगळं कळलं. ते बाकावर जाऊन बसले. मी बाहेर गेले तेव्हा म्हणाले, "माझ्याच हातात व्हतं ते, सिस्टर. मी गाठोडं न्हाई उघडलं. भावाच्या बायकोचं गाठोडं कसं उघडावं?"

"तुमचं काय चुकलं न्हाई, काका. आमी विचारायला पाहिजे होतं."

ते बाकावरून उठले. मग म्हणाले, "घरी मी सांगतो. लिंग तिच्या अंगावरच व्हतं म्हणून सांगतो. माझ्या शब्दाच्या म्होरं आई बोलायची न्हाई." आणि बांधलेलं सामान त्यांनी सोडलं.

त्या आठवड्यात बाईंचं वजन उतरायचं थांबलं, मग हळूहळू चढलं. डॉक्टरांनी तिसरा डोस दिला. मी मेट्रनकडं गेले आणि म्हणाले, आपले पाचपैकी पाच खोटे आहेत. पुन्हा मोजायचं.

मेट्रन चिडल्या. "तुला सुधारायला बसवलं, बदनाम करायला न्हाई. वरच्यांना काय दाखवू?"

"खरं दाखवा, मॅडम. एक बाई उपाशी होती आणि आपण तिला पूर्ण मार्क देऊन बसलो."

त्या लगेच कबूल झाल्या असं नाही. दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा मी मुरुडच्या बाईंची केस डॉक्टरांना सोबत घेऊन सांगितली, तेव्हा म्हणाल्या, "एका वॉर्डात कर. कमी आलं तर निस्तरायचं तू."

मी प्रश्न बदलले. आदर, मूल्य, समाधान, हे शब्दच काढून टाकले. 'काल अंगाला हात लावायच्या आधी तुम्हाला कुणी सांगितलं का?' 'काय पाहिजे होतं, पण मागता आलं न्हाई?' 'तुमच्या आजाराचं तुम्हाला सांगितलं, का दुसऱ्याला?' आणि सगळ्यात शेवटी, 'आता पाचपैकी किती?' विचारायला मी गेले नाही. दुसऱ्या वॉर्डातली एक वयस्कर सिस्टर, साध्या साडीत, हातात काही न घेता गेली. नातेवाइकांना तेवढा वेळ खाली चहाला पाठवलं. काही रागावले. एकजण म्हणाला, "माझ्या बायकोला काय कळतंय?" ती सिस्टर म्हणाली, "तेच बघाया आलेय, तुमी चहा घ्या."

उत्तरं आली आणि मार्क धाडकन खाली. पाच तर कुठंच नव्हते. एकीला तिच्या आजाराचं नावच माहीत नव्हतं, ती पित्ताच्या गाठीवर उपचार घेत होती असं तिला वाटत होतं. एकीला पुरुष कर्मचाऱ्यासमोर ब्लाऊज काढायची इतकी लाज वाटत होती की ती ड्रेसिंगच्या दिवशी मुद्दाम उशिरा, त्याची पाळी संपल्यावर यायची. औशाची म्हातारी म्हणाली, "मला गरम-गरम देतेत. तोंड भाजतंय. गार करून कुणी देत न्हाई." आणि पहिल्या वेळी तिनंच माझा पगार वाचवायला पाच दिले होते.

मला वाईट वाटलं आणि त्याच वेळी कुठंतरी बरंही. निदान हे खरं होतं, ह्याला धरून काम करता येत होतं. वॉर्डातल्या सिस्टर्स मात्र माझ्याशी महिनाभर नीट बोलल्या नाहीत. "आमी मरमर मरायचं अन् हिनं नापास करायचं." त्यांचं खोटं नव्हतं. एकेकीवर किती खाटा असायच्या ते मलाही दिसत होतं. म्हणून मी जादा काम सांगितलं नाही. इतकंच ठरवलं की नवी पेशंट आली की पहिला प्रश्न तिला, एकटीला: 'मावशी, तुमच्या रोजच्यातलं कोणतं मोडून चालणार न्हाई?' आणि अंगावरचं काही उतरवायच्या आधी, हे काय आहे, कधी परत पाहिजे, कुणाकडं द्यायचं, हे तिलाच विचारायचं. इनचार्ज सिस्टर सगळ्यांच्या आधी विचारायला लागल्या. एकदा मी ऐकलं, त्या नव्या मुलीला दटावत होत्या, "आधी इचार, मग काढ. ती काय बाहुली हाय?"

मुरुडच्या बाई शेवटच्या डोसला आल्या तेव्हा त्या साध्या साडीतल्या सिस्टरनं त्यांनाही विचारलं. भाया खाली चहाला गेले होते. बाईंनी विचारलं, "मागच्या येळी भायांनी किती दिले व्हते?"

"पाच."

"मी असते तर एक दिला असता." मग हिशोब केल्यासारखा विचार करून म्हणाल्या, "आता चार लिवा. एक राहू द्या. सुई अजून दुखती."

बाईंचे ठरलेले सगळे डोस पूर्ण झाले. नंतरचे रेडिएशनचे शेकही पूर्ण झाले, आणि आता त्या दर काही महिन्यांनी फक्त तपासणीला येतात. आमच्या वॉर्डाचे मार्क पुन्हा कधी पाच झाले नाहीत. आता ते चारच्या आसपास असतात आणि ते बायकांचे स्वतःचे असतात. दवाखान्याच्या बाकीच्या वॉर्डांनी हीच पद्धत घेतली आहे, आणि नव्या सिस्टर्सना ती शिकवायचं काम माझ्याकडं आहे.